दिवाळीला घरी जाताय? आधी परतीचं बघा

(ऑक्टोबर २०२१ चा दुसरा आठवडा. यातले कोविडचे आणि प्रवासाचे नियम तेव्हाचे आहेत, आज यातले बरेच लागू नाहीत. तिकीट काढायच्या दिवशी आणि निघायच्या आदल्या दिवशी सरकारी संकेतस्थळावर पुन्हा एकदा बघून घ्या.)

"थेट विमानं सुरू झाली ना ताई, मग काढू का तिकीट?" गेल्या पंधरा दिवसांत हा प्रश्न मला किती जणांनी विचारला, मोजलं नाही. विचारणारे बहुतेक गेल्या वर्षभरात पीआर, म्हणजे कॅनडात कायम राहायची परवानगी, घेऊन टोरांटोच्या आसपास, ब्रॅम्प्टन-मिसिसागात, राहायला आलेले. आई-वडील नाशिकला, कोल्हापूरला, कुणाचे डोंबिवलीत. कोविडच्या मधल्या लाटांमुळे दीड-दोन वर्षं भेट नाही, आणि ४ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन.

माझं उत्तर एकच असतं: काढा, पण आधी यायचं ठरवा आणि मग जायचं. इथून बाहेर पडायला फारसं कुणी अडवत नाही. अडतं ते परत येताना, आणि तेही घरापासून लांब, दिल्लीच्या विमानतळावर नाहीतर तिसऱ्याच देशात. २२ एप्रिलला भारतातून येणारी थेट विमानं बंद झाली तेव्हा दुपारी घोषणा झाली आणि रात्री साडेअकराला बंदी लागूसुद्धा झाली. तीस दिवसांची म्हणून सुरू झालेली ती बंदी पाच महिने चालली, २७ सप्टेंबरला उठली. मधल्या काळात वडिलांच्या अँजिओप्लास्टीसाठी मी साताऱ्याला गेले होते आणि ऑगस्टमध्ये मेक्सिकोमार्गे परतले. त्या प्रवासात जे शिकले, तेच खाली लिहिते आहे.

पहिली पायरी: पीआर कार्ड हातात आहे का?

मेल आलाय, स्टेटस 'पाठवलं' असं दिसतंय, यावर जाऊ नका. प्लॅस्टिकचं कार्ड तुमच्या पाकिटात असलं पाहिजे.

लँडिंगच्या वेळी, म्हणजे पीआर म्हणून कॅनडात पहिल्यांदा उतरताना, मिळतो तो सीओपीआरचा कागद म्हणजे तुम्ही पीआर झाल्याचा पुरावा. पण तो दाखवून तुम्ही पुन्हा कॅनडाच्या विमानात बसू शकत नाही. भारतीय पासपोर्टवर यायचं तर विमान कंपनी कार्डच मागते. कार्ड नसेल तर भारतात व्हीएफएस या व्हिसा-अर्ज केंद्रामार्फत पीआर ट्रॅव्हल डॉक्युमेंट काढावं लागतं. त्याची फी ५० डॉलर आहे, पण खरी किंमत वेळेची. सध्या या कागदाला किती दिवस लागतील हे कुणीच छातीठोकपणे सांगत नाही, आणि तोवर पासपोर्ट अडकून पडतो तो वेगळाच.

नव्यांचं पहिलं कार्ड सध्या महिनोन्महिने येत नाहीये. ते फक्त कॅनडातल्या पत्त्यावर येतं. लँडिंगनंतर १८० दिवसांत पत्ता दिला नाही तर नव्याने अर्ज आणि नव्याने फी. "मी जातो, कार्ड आलं की रूममेट कुरिअरने पाठवेल" असं सांगणारे दोन जण मला भेटलेत. एकाचं पोचलं, दुसऱ्याचं कार्ड कुठल्या गोदामात आहे ते आजवर कळलेलं नाही. घरी कुणी गंभीर आजारी असेल तर आयआरसीसीकडे, म्हणजे कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याकडे, तातडीच्या प्रक्रियेची विनंती करता येते. सोबत तिकीट, डॉक्टरांचं पत्र आणि घाईचं कारण सांगणारं निवेदन जोडा. नुसतं 'दिवाळी' हे कारण तिथे चालत नाही. कार्ड आलं नसेल आणि घाईचं कारणही नसेल, तर माझा सल्ला कटू आहे: या दिवाळीला जाऊ नका.

दुसरी पायरी: परतीचा रस्ता

दोन पर्याय आहेत.

एक, दिल्लीहून थेट. मुंबईहून कॅनडाला सध्या थेट विमान नाही, त्यामुळे पुण्या-मुंबईच्या माणसाला आधी दिल्ली गाठावी लागते. थेट विमानासाठी कोविडची मॉलिक्युलर (आरटी-पीसीआरसारखी) चाचणी दिल्ली विमानतळावरच्या जीनस्ट्रिंग्ज या प्रयोगशाळेतच करायची, आणि तीही विमानाच्या नियोजित वेळेच्या आधीच्या अठरा तासांत. घराजवळच्या लॅबचा रिपोर्ट कितीही चांगला असला तरी चालत नाही.

या अठरा तासांचं गणित कागदावर मांडा. समजा विमान शनिवारी पहाटे दोनला आहे. अठरा तास मागे गेलं की शुक्रवारी सकाळचे आठ. त्याआधी नमुना दिला तर रिपोर्ट बाद. फार उशिरा दिला तर रिपोर्ट यायच्या आत चेक-इन बंद. म्हणजे नमुना द्यायची सोयीची वेळ शुक्रवारी सकाळी आठ ते दुपारी बारा. त्यासाठी मुंबईहून पहाटेचं विमान पकडावं लागेल, आणि ते रखडलं तर सगळंच रखडेल. मी तरी गुरुवारी संध्याकाळीच दिल्लीत पोचेन. विमानतळाजवळच्या हॉटेलची एक रात्र महाग वाटते, पण चुकलेल्या परतीच्या तिकिटापेक्षा स्वस्त पडते. मुंबई-दिल्ली आणि दिल्ली-टोरांटो वेगवेगळ्या तिकिटांवर असतील तर बॅगा दिल्लीत काढून घ्याव्या लागतील, हेही धरून चाला.

आता सगळे टाळतात तो प्रश्न. दिल्लीत रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर? विमानात बसता येत नाही. दिल्लीतच विलगीकरणात राहायचं आणि किमान चौदा दिवस थांबायचं. चौदा दिवस झाले की तोच पॉझिटिव्ह रिपोर्ट तुमच्या कामाला येतो, कारण १४ ते १८० दिवसांपूर्वीचा प्रमाणित प्रयोगशाळेचा पॉझिटिव्ह रिपोर्ट निगेटिव्ह रिपोर्टच्या जागी चालतो. म्हणून ज्यांना गेल्या काही महिन्यांत कोविड होऊन गेला, त्यांनी तो जुना कागद शोधून फाइलमध्ये लावावा. बरं झाल्यावरही चाचणी कधीकधी बरेच दिवस पॉझिटिव्ह येत राहते, आणि तेव्हा तो कागदच तुम्हाला घरी आणतो. दिल्लीत ओळखीचं कुणी असेल तर आधीच बोलून ठेवा. दोन आठवड्यांच्या मुक्कामाचे पैसे वेगळे ठेवा आणि इथे ऑफिसात सुट्टी वाढू शकते हे आत्ताच सांगून ठेवा.

दुसरा पर्याय, तिसऱ्या देशामार्गे. यात अठरा तासांची अट नाही, पण निघण्याआधीच्या ७२ तासांतली मॉलिक्युलर चाचणी त्या तिसऱ्या देशातच केलेली असावी लागते. भारतातली चालत नाही. म्हणजे त्या देशात उतरायला परवानगी हवी, बाहेर पडून चाचणी करायला वेळ हवा, आणि तिथे पॉझिटिव्ह आलात तर विलगीकरण परक्या मुलखात. थेट विमानं बंद होती तेव्हा हा नाइलाज होता. आता मी कुणाला सुचवणार नाही.

मेक्सिको मला जमलं ते पीआर कार्डामुळे. कॅनडाच्या पीआरधारक भारतीयाला तिथे वेगळा व्हिसा लागत नाही. तरी एक गंमत झाली. चाचणीच्या फॉर्मवर आडनावाचे दोन रकाने होते, कारण तिकडे वडिलांकडचं आणि आईकडचं अशी दोन आडनावं लावतात. माझ्या पासपोर्टवर आपल्याकडच्या पद्धतीने माझं नाव, नवऱ्याचं नाव आणि आडनाव. दोन रकाने बघून मी नवऱ्याचं नाव पहिल्या आडनावाच्या रकान्यात टाकलं. रिपोर्ट आला तेव्हा नवऱ्याचं नाव हेच माझं आडनाव झालेलं. विमानाला पाच तास होते. काउंटरवरच्या मुलीला पासपोर्ट दाखवून, हातवारे करून, फोनवरच्या भाषांतरावर भिस्त ठेवून कसाबसा नवा रिपोर्ट काढला. मोकळा श्वास घेतला तो विमान आकाशात गेल्यावर.

तिसरी पायरी: नाव आणि लस

आपल्या लोकांचं सगळ्यात जास्त इथेच अडतं. पासपोर्टवर मधलं नाव असतं, आधारवर नसतं. लग्नानंतर एका कागदावर नाव बदललेलं असतं, दुसऱ्यावर माहेरचंच. कोविनवर लस घेताना भावाने घाईत 'सौ.' लावून नोंद केलेली असते.

भारतात डोस घेतला असेल तर कोविन प्रमाणपत्र आत्ताच उघडून पासपोर्टशेजारी ठेवा आणि एकेक अक्षर जुळवा. कोविनच्या संकेतस्थळावर 'रेज अ‍ॅन इश्यू' हा पर्याय आहे. तिथून नाव दुरुस्त करता येतं आणि पासपोर्ट क्रमांकही प्रमाणपत्राला जोडता येतो. पासपोर्ट क्रमांक जरूर जोडा.

आणि कोविन उघडायला लागणारा ओटीपी जातो कुठे? लसीच्या वेळी दिलेल्या मोबाइल नंबरवर. अनेकांनी वडिलांचा नाहीतर स्वतःचा जुना भारतीय नंबर दिलेला असतो आणि तो इथे आल्यावर बंद पडलेला असतो. माझ्या वहिनीच्या प्रमाणपत्राचा ओटीपी माझ्या सासऱ्यांच्या फोनवर यायचा आणि सासरे दुपारी दोन ते चार फोन बंद करून झोपतात. टोरांटोत तेव्हा पहाटेचे साडेचार ते साडेसहा. दोन पहाटा त्यात गेल्या. दोन्ही डोसांच्या पीडीएफ आधी उतरवून फोनमध्ये, मेलमध्ये आणि कागदावर, अशा तीन ठिकाणी ठेवा.

कॅनडात प्रवेशासाठी आज ज्या लसी धरल्या जातात त्या म्हणजे फायझर, मॉडर्ना, अ‍ॅस्ट्राझेनेका आणि जॅन्सेन. कोविशील्ड अ‍ॅस्ट्राझेनेकातच धरली जाते. एक डोस तिकडे कोविशील्डचा आणि दुसरा इथे फायझरचा, असं मिश्रणही चालतं. शेवटच्या डोसनंतर चौदा दिवस पूर्ण झालेले असावेत. कोवॅक्सिनला अजून इथे मान्यता नाही. ती घेतलेल्या पीआरधारकाला देशात येण्यापासून कुणी रोखत नाही, पण त्याला लस न घेतलेला समजतात: आल्या आल्या चाचणी, आठव्या दिवशी चाचणी आणि चौदा दिवस विलगीकरण. हे आधीच ठाऊक असलं की विमानतळावर वाद घालायची वेळ येत नाही.

भारतात जाऊन दुसरा डोस घ्यायचा विचार असेल, तर परदेशी शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी जाणाऱ्यांना ८४ दिवसांऐवजी २८ दिवसांनंतर कोविशील्डचा दुसरा डोस देण्याची सोय जूनपासून आहे. मात्र नोकरीचं पत्र, व्हिसा असे कागद घेऊन रांगेत उभं राहावं लागतं. इथे कुठल्याही फार्मसीत फुकट मिळतोय, तर घेऊनच जा. शिवाय ३० ऑक्टोबरपासून कॅनडातल्या विमानतळावरून निघणाऱ्या बारा वर्षांवरच्या प्रत्येकाला पूर्ण लसीकरणाचा पुरावा लागणार आहे. ३० नोव्हेंबरपर्यंत त्याऐवजी ७२ तासांतली निगेटिव्ह चाचणी चालेल, पुढे नाही.

चौथी पायरी: जाताना

हे तुलनेने सरळ आहे. निघण्याआधीच्या ७२ तासांत आरटी-पीसीआर. रॅपिड अँटिजेन नको. ओंटारियोतली मोफत केंद्रं प्रवासासाठी चाचणी करत नाहीत, खासगी प्रयोगशाळेत पैसे मोजून करावी लागते. बुकिंग करतानाच 'रिपोर्ट किती तासांत?' हे विचारा. 'साधारण उद्या' यावर विसंबू नका.

रिपोर्ट हातात आला की भारत सरकारच्या एअर सुविधा पोर्टलवर स्वघोषणापत्र भरा, पासपोर्टची प्रत आणि रिपोर्ट जोडा. फाइल मोठी झाली की पोर्टल रुसतं, म्हणून पीडीएफ लहान करून ठेवा. एकाच्या फॉर्ममध्ये सोबतच्या मुलांची नावं घालायला विसरू नका. छापील प्रत जवळ असू द्या. फोनची बॅटरी नेमकी काउंटरवरच संपते.

युरोप किंवा आखातामार्गे मुंबईला उतरलात तर विमानतळावर पुन्हा नमुना द्यावा लागतो, स्वतःच्या खर्चाने. वयस्कर माणसं न्यायला येणार असतील तर त्यांना सांगून ठेवा की बाहेर यायला दोन तास जास्त लागतील. नाहीतर ती बिचारी काचेपलीकडे ताटकळत उभी राहतात.

विम्याचं एक. अनावश्यक प्रवास टाळा, ही कॅनडा सरकारची जगभरासाठीची सूचना अजून लागू आहे. अशी सूचना असताना पुष्कळ प्रवासविमे कोविडचा खर्च देत नाहीत. पॉलिसीतली बारीक अक्षरं वाचा, नाहीतर थेट फोन करून विचारा आणि उत्तर मेलवर मागा.

पाचवी पायरी: तिकडे किती दिवस राहायचं?

"वर्क फ्रॉम होम आहे, चार महिने राहून येतो" असं बरेच जण म्हणतात. नव्याने आलेल्यांनी दोन आकडे लक्षात ठेवावेत.

पहिला ७३०. पाच वर्षांत इतके दिवस कॅनडात प्रत्यक्ष राहिल्याशिवाय पीआरची अट पूर्ण होत नाही. हा सगळ्यांना पाठ असतो.

दुसरा फारसा कुणाला माहीत नसतो. ओंटारियोत स्थायिक झाल्यापासून पहिल्या १८३ दिवसांपैकी १५३ दिवस प्रांतात असणं ही ओहिपची, म्हणजे सरकारी आरोग्यविम्याची, अट आहे. म्हणजे पहिल्या सहा महिन्यांत जेमतेम तीसच दिवस बाहेर राहता येतं. कोविडमुळे ओहिप सुरू होण्याआधीची तीन महिन्यांची प्रतीक्षा तूर्त माफ आहे, हे ऐकून लोक निर्धास्त होतात. पण ती सवलत वेगळी आणि ही अट वेगळी. जुलै-ऑगस्टमध्ये आलेल्यांनी दिवाळीचा बेत आखताना दिवस बोटांवर मोजावेत. इतर प्रांतांचे नियम निराळे आहेत, आपापल्या प्रांताचा बघून घ्या.

आणि मुक्काम लांबवायचा तर हेही आठवा, की एप्रिलमध्ये 'आणखी एक आठवडा राहू' म्हणून थांबलेले कित्येक जण सप्टेंबरपर्यंत तिकडेच अडकले. आजच्या विमानाचं तिकीट मिळत असताना नोकरीवाल्याने परतीचा दिवस उद्यावर ढकलू नये.

सहावी पायरी: परतीचे शेवटचे तीन दिवस

कॅनडात पोचण्याआधीच्या ७२ तासांत अराइव्हकॅन हा कॅनडा सरकारचा प्रवेशाआधीचा फॉर्म भरायचा, अ‍ॅपवर किंवा संकेतस्थळावर. लसीची दोन्ही प्रमाणपत्रं, प्रवासाचा तपशील, आणि पूर्ण लस झालेली असली तरी विलगीकरण कुठे कराल याचा पत्ता. इंग्रजी किंवा फ्रेंच नसलेला कागद भाषांतराशिवाय चालत नाही. कोविनचं प्रमाणपत्र इंग्रजीत असतंच, त्यामुळे तिथे चिंता नाही.

भरून झालं की पावती येते. तिच्यावर सहा अक्षरांचा कोड असतो आणि शेजारी ए, आय किंवा व्ही यांपैकी एक अक्षर. दिल्लीत विमान कंपनीचा माणूस प्रयोगशाळेच्या रिपोर्टाबरोबर ही पावतीही मागतो. अक्षरच नसेल तर घरी असतानाच उघडून काय राहिलंय ते बघा. बहुतेक वेळा लसीची तारीख चुकलेली असते, कारण भारतात दिवस आधी लिहितात आणि अ‍ॅपमध्ये वर्ष आधी येतं.

फाइल अशी लावा: पासपोर्ट, पीआर कार्ड, लसीच्या प्रती, अराइव्हकॅनची पावती, जुना पॉझिटिव्ह रिपोर्ट असल्यास तो, आणि शेवटी रिकामा कप्पा दिल्लीच्या रिपोर्टसाठी. ही फाइल हातातल्या बॅगेत. आई चकलीचा डबा त्याच बॅगेत कोंबायला बघेल, तिला सांगा की तो मोठ्या बॅगेत जाईल. आणि टोरांटोला उतरल्यावर फराळ डिक्लेअर करा. लपवलेला सापडला तर दंड होतो.

अजून भारतातच असलेल्या, पहिल्यांदा येणाऱ्या भावंडांसाठी दोन ओळी: सीओपीआर वैध असलेल्या सगळ्यांना २१ जूनपासून यायची परवानगी आहे. मार्च २०२० नंतर मंजुरी मिळालेले त्याआधी खोळंबले होते. कागदावरची शेवटची तारीख बघा. ती मेडिकलच्या किंवा पासपोर्टच्या मुदतीला बांधलेली असते. उलटून गेली असेल तर तिकीट काढू नका, आधी आयआरसीसीला वेब फॉर्मवर कळवा.

उतरल्यावर

अधिकारी कागद बघतो. पूर्ण लस झालेल्यांपैकी काहींना यादृच्छिक चाचणीसाठी बाजूला घेतात. त्यात तुमचा नंबर लागला तर नमुना द्या आणि घरी जा, निकालाची वाट बघत विलगीकरणात बसावं लागत नाही.

बारा वर्षांखालच्या मुलांना लसच नाही. आई-बाबांची पूर्ण झालेली असेल तर मुलांना चौदा दिवस कोंडून ठेवायची गरज नाही, पण तेवढे दिवस शाळा किंवा डे-केअर नाही. पाच वर्षांवरच्यांना पहिल्या आणि आठव्या दिवशी चाचणी आहे. आठव्या दिवसाचं किट विमानतळावरच हातात देतात. ते टॅक्सीत विसरू नका. आणि शाळेला निघायच्या आधीच मेल करून ठेवा, कारण तुमची सुट्टी संपली तरी मुलांचे पुढचे दोन आठवडे घरीच जाणार, आणि त्या काळात घरी कोण थांबणार हे नवरा-बायकोंनी विमानात बसायच्या आधी ठरवलेलं बरं.